लुत्सिनाबाईंच्या नावाचा दाखला

लुत्सिना पाबिखबाईंना घाई करायला सांगू नये, हे पोलंडमधल्या आमच्या वूच शहरातल्या त्या कंपनीत रिसेप्शनवरच्या मुलीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. घाई करा म्हटलं की बाई चष्मा काढायच्या, पुसायच्या, परत लावायच्या आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात करायच्या. वय त्रेपन्न, उंची बेताची, आवाज मात्र खणखणीत. बारा वर्षं गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात बोलायची सवय. बाई कुजबुजल्या तरी शेजारच्या खोलीतले लोक माना वर करायचे.

कंपनी दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवून द्यायची. बँक म्हणू नका, गोदाम म्हणू नका, इस्पितळ म्हणू नका, जो येईल त्याचं काम घ्यायचं. बाई तिथं टेस्टर. बनवणारे बनवायचे, आणि ते ग्राहकाच्या हाती पडण्याआधी त्यात काय काय मोडतंय ते बाई शोधून काढायच्या. ऑफिस एका जुन्या कापडगिरणीच्या लाल विटांच्या इमारतीत होतं. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना कुणीतरी सांगायचं की या बाई पूर्वी गिरणीत होत्या, आणि पाहुणे लगेच गहिवरून विचारायचे, "म्हणजे इथेच? याच भिंतींमध्ये?"

"छे हो," बाई म्हणायच्या. "माझी गिरणी ट्रामने चार थांबे पुढे. आता तिथं फर्निचरचं दुकान आहे. इथलं कापड आमच्याकडे पायपुसणीलासुद्धा कुणी घेतलं नसतं."

गिरणीत बाईंचं काम कापड तपासायचं. खालून दिवे लावलेलं काचेचं टेबल, त्यावरून ठाण सरकत जायचं, आणि बाई बघायच्या. कुठे आडवा धागा सुटलाय, कुठे तेलाचा डाग, कुठे गाठ. ठाण संपलं की शेपटाला शिक्का मारायचा, नंबर एक्केचाळीस. ते ठाण उद्या जगाच्या पाठीवरून कुठूनही परत आलं तर माग चालवणारीला कोणी जाब विचारायचं नाही, एक्केचाळीस नंबरला विचारायचं. एकदा फोरमन तो शिक्का मागायला आला होता. म्हणाला, ट्रक खोळंबलाय, दे इकडे, पटापट मारून टाकतो. एकोणीस वर्षांच्या लुत्सिनाने शिक्का एप्रनच्या खिशात घातला आणि म्हणाली, "ट्रकवाल्याला सांगा, सिगरेट ओढ." पोरीची नोकरी गेलीच असं सगळ्यांनी धरलं होतं. गेली नाही. मग सत्त्याण्णव साली गिरणीच गेली.

त्यानंतर बाईंनी काय काय केलं नाही! बेकरीच्या गल्ल्यावर उभ्या राहिल्या, पोस्टात पत्रं लावली, शाळेत घंटा वाजवली आणि पोरांचे विसरलेले मफलर सांभाळले. नवरा कामासाठी म्हणून आयर्लंडला गेला तो तिकडचाच झाला, बाई म्हणायच्या, "बरं झालं, परत आला असता तर त्यालाही तपासावं लागलं असतं." सत्तेचाळिसाव्या वर्षी रोजगार कार्यालयाने टेस्टिंगचा फुकट कोर्स काढला. बाईंनी अर्ज भरला तेव्हा खिडकीतली पोरगी हसली होती. कंपनीच्या मुलाखतीत त्यांच्यासमोर मुद्दाम चुका करून ठेवलेला एक प्रोग्रॅम टाकला, सात चुका शोधा म्हणून. बाईंनी नऊ काढल्या. त्यातल्या दोन कंपनीलाच माहीत नव्हत्या.

आता मॅनेजरकडे वळू. राडेक व्नुक, वय चौतीस, पायांत पांढरे बूट, तोंडात सतत 'आपण एक कुटुंब आहोत'. कंपनीचा नियम होता की लहानमोठं न बघता सगळ्यांनी एकमेकांना अरे-तुरे करायचं, कारण त्याने म्हणे मोकळेपणा येतो. राडेक बाईंना बिनदिक्कत "ए लुत्सिना" म्हणायचा. बाई त्याला "अहो राडेकसाहेब" म्हणायच्या. असं सहा वर्षं चाललं होतं आणि दोघांपैकी कोणी मागे हटत नव्हतं.

शिवाय तिथे गुरुवारी फळं असायची. दर गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात सफरचंदांची आणि केळ्यांची टोपली, कंपनीकडून फुकट. आमच्याकडच्या असल्या सगळ्याच कंपन्यांना हे खूळ लागलेलं आहे. राडेकला कुणाला वाईट बातमी द्यायची असली की तो गुरुवार बघून द्यायचा आणि जाताजाता टोपलीतलं एक सफरचंद त्या माणसाच्या टेबलावर ठेवायचा. त्यामुळे गुरुवारी राडेक सफरचंद घेऊन आपल्या रांगेत शिरला की लोक आपापल्या पडद्यात डोळे खुपसून बसायचे.

त्या शरदात बाईंकडे एका इस्पितळाचं काम आलं. कुठल्या रुग्णाला कुठलं औषध किती वाजता द्यायचं, हे नर्सला पडद्यावर दिसावं. नर्सने दिलं की तिथंच खूण करावी. वही, पेन, काही नको. छान काम होतं. मिरेला नावाच्या प्रोग्रॅमरने ते लिहिलं होतं. हाताची हुशार आणि जिभेची तिखट. राडेकला ती तोंडावर 'सफरचंदवाला' म्हणायची. बाई आणि मिरेला एकमेकींशी दिवसभर भांडायच्या आणि दुपारी एकाच डब्यातून जेवायच्या.

सोमवारी, काम हाती द्यायला दोन आठवडे असताना, बाई मिरेलाच्या टेबलाशी आल्या. "मिरेला, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. तेव्हा तुझ्या या यंत्राचं काय होतं गं?"

"काय व्हायचंय? मागे जाईल तेही. एक तास जास्त झोपा."

"झोपणारे झोपतात. जागे असतात त्यांचं काय?"

आमच्याकडे उन्हाळ्यापुरती घड्याळं एक तास पुढे नेतात आणि शरदात ती परत मागे आणतात. गिरणी चोवीस तास चालायची, रविवारसुद्धा. शरदातल्या त्या एका रात्रपाळीला आठाऐवजी नऊ तास उभं राहावं लागायचं, कारण तीन वाजले की घड्याळ परत दोनवर यायचं. त्या रात्री दोन दोनदा वाजायचे. बायका शिव्या घालायच्या आणि मुकादमीण वहीत लिहायची, पहिले दोन, दुसरे दोन. ज्याने ती रात्र कधी उभ्याने काढली नाही त्याच्या हे डोक्यातही येणार नाही, आणि ऑफिसातल्या पोरांपैकी कोणीच काढली नव्हती.

बाईंनी चाचणीच्या कॉम्प्युटरचं घड्याळ त्या रात्रीवर नेऊन ठेवलं. एक खोटा रुग्ण बनवला, त्याला अडीच वाजता रक्त पातळ करणारं इंजेक्शन लावून दिलं. अडीच वाजले, पडद्यावर आलं: इंजेक्शन द्या. बाईंनी 'दिलं' अशी खूण केली. तीन वाजले, घड्याळ दोनवर आलं, पुन्हा अडीच वाजले, आणि पडद्यावर पुन्हा आलं: इंजेक्शन द्या. बाईंनी पुन्हा खूण केली. मग त्यांनी नोंदींचं पान उघडलं. यंत्राने पहिली खूण पुसून त्या जागी दुसरी ठेवली होती. माणसाला इंजेक्शन दोनदा मिळालं आणि कागदोपत्री एकदाच.

शेजारून बघणारी मिरेला खुर्चीत सरळ झाली. "आई गं," ती म्हणाली. "बाई, हे मी केलंय?"

"तू केलंस. आता तूच निस्तर."

"दोन आठवड्यांत नाही जमायचं. वेळ ठेवायची पद्धतच बदलावी लागेल, मुळापासून. महिना लागेल."

बाईंनी कंपनीच्या चुकांच्या यादीत रीतसर नोंद केली: गंभीर चूक, हे असं देता येणार नाही. दुसऱ्या दिवशी बघतात तर राडेकने नोंदीखाली लिहिलेलं, 'ही चूक नाही, वर्षातून एकदाच घडणारी परिस्थिती आहे,' आणि नोंद बंद. बाईंनी उघडली. त्याने बंद केली. बाईंनी परत उघडली. अशी ती नोंद सहा वेळा उघडली आणि सहा वेळा मिटली.

आता त्या कंपनीची पद्धत अशी, की तपासणी संपली की एक दाखला निघतो. त्यावर असतं, 'तपासलं, योग्य आहे,' आणि खाली तपासणाऱ्याचं नाव. तो दाखला ग्राहकाला मिळाल्याशिवाय काम पोचलं असं धरत नाहीत. राडेकला तो अठरा तारखेच्या शुक्रवारी हवा होता, कारण वरच्या मजल्यावर बसणारे ओस्ताशेव्स्कीसाहेब, कंपनीचे प्रमुख, त्यांना त्याने छातीठोकपणे तीच तारीख सांगून ठेवली होती. आणि इस्पितळात यंत्र सुरू व्हायचं होतं बुधवारी, तेवीसला. त्यानंतर चौथ्याच रात्री घड्याळं मागे जाणार होती. वर्षातून एकदा, असं राडेकने लिहिलं होतं. पण ती एकदा पुढच्याच आठवड्यात येत होती.

त्याआधीच्या बुधवारी, सोळा तारखेला संध्याकाळी, राडेकने बाईंना काचेच्या खोलीत बोलावलं.

"लुत्सिना, तू उगाच ताण घेतेस. अगं, एक रात्र आहे."

"त्या एका रात्री इस्पितळ बंद असतं का हो राडेकसाहेब?"

"तू ना, अजून गिरणीत आहेस." तो हसला. "हे बघ, सरळ सांगतो. पुढच्या महिन्यात कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, याची यादी होणार आहे. त्रेपन्नाव्या वर्षी बाहेर तुला कोण उभं करणार? सुपरमार्केटचा गल्ला?"

खोटं कशाला सांगा, बाई घाबरल्या. फ्लॅटचे हप्ते अजून चार वर्षांचे होते, आणि गल्ल्यावर उभं राहून पाय कसे सुजतात हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तरी त्या एवढंच म्हणाल्या, "माझं नाव त्यावर लागणार नाही," आणि उठल्या.

दुसरा दिवस गुरुवार. राडेक सकाळीच सफरचंद घेऊन आला. बाईंच्या टेबलावर ठेवून गोड आवाजात म्हणाला, "लुत्सिना, तुझी रजा किती शिल्लक आहे बघितलीस? आज आणि उद्या घेऊन टाक. डोकं शांत कर. हे मी मॅनेजर म्हणून सांगतोय हं." त्याने बोलता बोलता रजेचा अर्ज भरूनसुद्धा टाकला होता.

बाई गेल्या. जाणार नाहीत तर काय करणार! त्यांची बहीण स्तेफा गावाकडे राहायची, आणि कोबी आंबवायचे दिवस होते. दोघी बहिणींनी शुक्रवारी सकाळपासून ऐंशी किलो कोबी किसला, मीठ, गाजर आणि शहाजिरं घालून लाकडी पिंपात थरावर थर दाबायला घेतला. स्तेफा जाडजूड, बडबडी. हात आणि तोंड एकाच वेगाने चालायचं. "काय गं, एवढी कसली मुठी आपटतेस? कोबीने काय घोडं मारलंय तुझं?"

"कोबी नाही गं. माणूस आहे एक."

दुपारी फोन वाजला. बाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत मिठात. स्तेफाने फोन त्यांच्या कानाला लावून धरला. मिरेला होती.

"बाई, बसलात का? दाखला गेला इस्पितळाला. खाली नाव तुमचं आहे."

"माझं? मी कुठे..."

"मॅनेजरला कुणाचंही नाव भरता येतं म्हणे. त्याच्याकडे तशी मुभा आहे. मी विचारलं तर म्हणाला, नाव म्हणजे निव्वळ उपचार असतो. सोमवारी इस्पितळाची माणसं येणार, हात मिळवणार, केक कापणार."

बाईंनी हात पिंपातून काढले. त्या तशाच अंगणातल्या बाकावर जाऊन बसल्या, आणि त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. रागापेक्षाही लाज जास्त वाटत होती. कुठल्यातरी इस्पितळात कोणीतरी तो कागद वाचत असेल आणि म्हणत असेल, पाबिखबाईंनी बघितलंय ना, मग झालं तर.

स्तेफाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोलू नकोस सोमवारी. पदरी पडलं पवित्र झालं म्हण. नोकरी महत्त्वाची की कागदावरचं नाव?"

"आणि कुणी मेलं तर?"

"तुझ्यामुळे थोडंच?"

"माझ्या नावामुळे," बाई म्हणाल्या. स्तेफाने मग पिंपावर झाकण ठेवलं, त्यावर धोंडा ठेवला, आणि धाकट्या बहिणीला गरम आंबट सूप वाढलं.

सोमवारी मोठ्या खोलीत टेबलावर केक होता, त्यावर इस्पितळाचं नाव साखरेने लिहिलेलं. एका बाजूला ओस्ताशेव्स्कीसाहेब, राडेक आणि मिरेला. समोर इस्पितळाच्या औषध विभागाच्या प्रमुख रोगालस्काबाई, साठीच्या, पांढरे केस बारीक कापलेले, मांडीवर जुनी चामड्याची पर्स. बाई आत शिरल्या तशी राडेकने त्यांना दारातच गाठलं. "तू फक्त हसायचं," तो दात दाखवत पुटपुटला. "विचारलं तर मान हलव."

ओस्ताशेव्स्कींनी छोटं भाषण केलं. राडेकने दाखला पडद्यावर लावला. "आणि ही आपली लुत्सिना, जिने प्रत्येक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासली."

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी टेबलाची कड धरली. त्यांचा आवाज बंद दारातून बाहेर शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"रोगालस्काबाई, त्या कागदावर माझं नाव आहे. ते मी घातलेलं नाही. शुक्रवारी मी गावाला कोबी आंबवत होते. हे काम योग्य नाही, असं मी सहा वेळा लिहिलंय. माझं नाव मी परत घेते."

राडेक उठला, हसतहसतच. "ए लुत्सिना, बस ना. काहीतरी गैरसमज झालाय, आपण आपापसात बोलून घेऊ..."

"मला ऐकू द्या," रोगालस्काबाई म्हणाल्या. "योग्य नाही म्हणजे काय?"

"पाच मिनिटं द्या. सांगत नाही, दाखवते."

मिरेलाने राडेककडे न बघता आपला कॉम्प्युटर बाईंपुढे सरकवला. बाईंनी घड्याळ शनिवारच्या रात्रीवर नेलं. खोटा रुग्ण, अडीचचं इंजेक्शन, खूण. तीन वाजले. घड्याळ दोनवर आलं. रोगालस्काबाईंनी चष्मा नाकावर ओढून घेतला आणि पुढे वाकल्या. परत अडीच. पडद्यावर आलं: इंजेक्शन द्या.

"अरे देवा," रोगालस्काबाई म्हणाल्या. "दोन-अ आणि दोन-ब!"

"काय?" ओस्ताशेव्स्कींनी विचारलं.

"आमच्या नर्सेस त्या रात्री वहीत दोन-अ आणि दोन-ब असं लिहितात. तीस वर्षं लिहितात. मी स्वतः रात्रपाळ्या केल्यात." त्यांनी बाईंकडे बघितलं. "तुम्ही नर्स होतात का?"

"नाही. गिरणीत होते."

"हां!" रोगालस्काबाईंनी अशी मान डोलावली की आणखी काही सांगायची गरजच उरली नाही. "आणि पहिली खूण कुठे गेली?"

"पुसली गेली. तेच तर सांगतेय."

राडेक अजून हरला नव्हता. म्हणाला, "बघा, ही वर्षातून एकदा घडणारी परिस्थिती आहे..."

"साहेब," रोगालस्काबाई त्याच्याकडे वळल्या, "त्या एका रात्री माझ्याकडे तीनशेवर माणसं झोपलेली असतात. त्यातल्या साठ जणांना हे इंजेक्शन आहे. त्यांच्या घरच्यांना मी काय सांगू, परिस्थिती घडली?" त्यांनी पर्स उचलली. "बुधवारी काहीही सुरू होणार नाही. आम्ही वहीवर आहोत ते बरे आहोत. आणि यापुढे तुमच्याकडून एकही दाखला मी घेणार नाही, पाबिखबाईंनी माझ्यासमोर स्वतःच्या हाताने सही केल्याशिवाय." दारापाशी थांबून त्या परत फिरल्या, बाईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि जोरात दाबला. केकला कोणी हात लावला नाही.

रोगालस्काबाई गेल्या आणि ओस्ताशेव्स्कींनी बाईंना वर आपल्या खोलीत नेलं. राडेकही मागोमाग आला, न बोलावता. बाई मनात म्हणाल्या, झालं, आता गल्ला.

ओस्ताशेव्स्की काही वाईट माणूस नव्हते. अडचण दिसली की तिला मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवायची, एवढाच त्यांचा दोष. ते खिडकीशी उभे राहून बोलले. "लुत्सिना, तू आज इस्पितळाला वाचवलंस, आणि आपल्यालाही. हे मी विसरणार नाही. तुला टेस्टिंगची प्रमुख करतो. पण एक लिहून दे, की दाखल्यावर तुझं नाव नजरचुकीने पडलं. राडेकचीही अब्रू राहील, कंपनीचीही. एका नावाचाच तर प्रश्न आहे."

राडेकने सुटकेचा श्वास सोडला. बाईंनी तो ऐकला.

आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्यांना प्रमुख करत होतं. हप्ते, सुजलेले पाय, सगळं एका सहीने मिटत होतं. मोह झाला नाही असं कोण म्हणेल? झाला. मग बाई म्हणाल्या, "नजरचूक कशी होईल साहेब? माझं नाव भरताना ते माझं आहे हे यांना दिसत होतं. मी खोटं लिहून दिलं तर उद्या तो कागद वाचणाऱ्याला तरी कसं कळायचं, की यातलं खरं कुठलं?"

"म्हणजे नाही?"

"नाही. प्रमुख दुसऱ्या कुणाला तरी करा."

"बघितलंत?" राडेक उसळला. "ही बाई अशीच आहे! सहा वर्षं हेच! एकटीच शहाणी, बाकी सगळे मूर्ख. इतरांची नावं नाही का लागत? कुणी कधी तक्रार केली?"

बोलून गेला आणि मग त्याला कळलं की आपण काय बोललो. ओस्ताशेव्स्की सावकाश त्याच्याकडे वळले. "इतरांची म्हणजे?"

तेवढ्यात दार वाजलं.

दारात अर्नेस्त होता. बाईंच्याच विभागातला, दुसऱ्या रांगेतला टेस्टर; चार वर्षांत एकाही मीटिंगमध्ये ज्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता, वाढदिवसाला शुभेच्छा दिल्या तरी ज्याचे कान लाल व्हायचे, तो. त्याच्या मागे कॉरिडॉरमध्ये माणसं उभी होती, जिन्यापर्यंत. खालच्या मजल्याचा आख्खा टेस्टिंग विभाग, आणि सगळ्यात शेवटी मिरेला, हाताची घडी घालून. बाईंचा आवाज बंद दारातून बाहेर गेला होता ना. तो ऐकून जो तो आपापल्या कॉम्प्युटरवर आपल्याच नावाचे दाखले शोधायला बसला होता, आणि मिरेलाने सगळ्यांना वर आणलं होतं.

अर्नेस्तने हातातला कागद पुढे धरला. "साहेब," तो म्हणाला, आणि घसा खाकरून पुन्हा म्हणाला, "साहेब, माझं नाव नऊ दाखल्यांवर आहे. त्यातले चार मी केलेत. बाकीचे पाच मी आज पहिल्यांदा बघितले."

"माझे सहा," मागून एक मुलगी म्हणाली.

"माझे दोनच. पण त्यातला एक मी बाळंतपणाच्या रजेवर असतानाचा आहे."

"माझा एक, रक्तपेढीचा. तो मी उघडूनही बघितलेला नाही."

आकडे येत राहिले. ओस्ताशेव्स्कींनी खुर्चीची पाठ धरली. राडेक खिडकीबाहेर बघत होता. बाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. सहा वर्षं त्यांना वाटत होतं की आपणच तेवढ्या हट्टी, आपणच मागच्या जमान्यातल्या. आणि हा अर्नेस्त, याला पुढे यायला सोपं गेलं असेल का? त्यांनी एक खुर्ची ओढली आणि त्याच्या मागे सरकवली. "बस बाळा, पडशील."

"नाही बाई," अर्नेस्त म्हणाला, "उभाच बरा आहे."

ओस्ताशेव्स्कींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांकडे बघितलं. मग टेबलामागे जाऊन बसले आणि कोरा कागद ओढला. "एकेक सांगा," ते म्हणाले. "कुठलं काम, कुठला ग्राहक. राडेक, तू जा. उद्यापासून येऊ नकोस." राडेक लोकांच्या मधून वाट काढत गेला तेव्हा कुणी त्याला टोमणा मारला नाही, मिरेलानेसुद्धा नाही.

कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. साहेबांनी तो बाईंच्या पुढे धरला आणि विचारलं, "आधी कुणाला कळवू?"

बाईंनी चष्मा पुसला, यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ओस्ताशेव्स्कींनी सगळ्यांच्या देखत फोन उचलला आणि रक्तपेढीचा नंबर लावला.